ढलप्या

चिकोडीच्या घरी गॅस आला आणि आईच्या भरिताचा धुरकट वास गेला. तो परत आणावा म्हणून परवा सुताराकडून बाभळीच्या ढलप्या आणल्या, पाण्यात भिजवून लोखंडी कढईत गॅसवर तापविल्या आणि वर जाळीवर वांगी ठेवून झाकण घातले. पाणी आटेपर्यंत नुसती वाफ, मग दाट पांढरा धूर, भरीत कडू. नैयायिकांनी अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ओले सरपण उगाच आणलेले नाही! दुसऱ्या खेपेस कोरड्या ढलप्या मूठमूठच घातल्या, झाकण किंचित कलते ठेवले. धूर विरळ, निळसर निघाला.

आईने घास घेतला. “पावसाळ्यात असे कोरडे सरपण मला कोण देत होते रे?”

सरपण भरण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते.