सोळा जीबी पुरे

कॅमेऱ्याचं कार्ड घ्यायला गेलं की काउंटरवरचा मुलगा पहिलं विचारतो, "किती जीबीचं देऊ, भाऊ?" आपण लहान आकडा सांगितला की म्हणतो, "चौसष्टचं घ्या नं, थोड्याच पैशाचा फरक आहे." वर्ध्याच्या बाजारातही हेच आणि नागपूरच्या सीताबर्डीवरही हेच. पैसे मोजके असले की माझं उत्तर ठरलेलं असतं. आकडा लहान चालेल, माल अस्सल पाहिजे. फोटो मावतात किती, हे नंतर पाहता येतं. ठेवलेला फोटो परत मिळेल की नाही, ते आधी पाहायचं.

ही सवय बाबांची. त्यांच्याकडे कोडॅकचा केबी-टेन होता, आणि घरात रोल यायचा तो सणाच्या सामानाच्या यादीत. रोल भरताना बाबा दाराआड सावलीत बसत. फिल्मचं टोक दात्यांवर बसवून एवढंच ओढायचे की जास्तीचा उजेड लागू नये. असं जपून भरलं की ३६च्या रोलमध्ये सदतिसावा फोटोही निघायचा, आणि त्या एका फोटोचा आनंद घरभर असायचा. एकच रोल दिवाळीला सुरू होऊन पोळ्यापर्यंत पुरायचा. धुऊन आलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या बाबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. आजीचा चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र आणि मागची भिंत गडद, असं उलटं जग मी खिडकीशी धरून तासन्‌तास पाहिलं आहे. तो डबा आजही कपाटात आहे आणि त्या पट्ट्यांवरून आजही फोटो निघतात.

थोडा मोठा झाल्यावर सेवाग्रामला जाणं वाढलं आणि कनु गांधींची गोष्ट कळली. ते नारणदास गांधींचे चिरंजीव, नात्यानं बापूंचे चुलत नातू. आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायचे. या तरुणाला छायाचित्रं काढावीशी वाटली, तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला, रोलायफ्लेक्स. १२० नंबरच्या एका रोलवर त्यात बारा फोटो बसतात. बारा! आणि झोपड्यांमध्ये पाहावं तर मातीच्या भिंती, कुडाच्या फटींतून येणारा उजेड. त्या एवढ्याशा उजेडात, मोजक्या फिल्मवर कनुभाईंनी बापूंची शेवटची दहा वर्षं टिपली. बापूंच्या इतक्या जवळ राहून त्यांचं रोजचं जगणं टिपणारा दुसरा छायाचित्रकार झाला नाही.

बापू कुटीत उभं राहिलं की मला त्या तीन अटी सलग आठवतात. तिसरी अट मला फार मोलाची वाटते. काटकसरीतून कनुभाईंची नजर धारदार झाली, असं मी मानतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ती फिल्म टिकली, म्हणून आपल्याला ते बापू दिसतात. पैसा कमी असताना नेमकं कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा पेन्सिल सेलवर चालायचा. पोटातली मेमरी १६ एमबीची, म्हणजे जेमतेम काही फोटो, म्हणून पहिल्या दिवसापासून एसडी कार्ड लागलं. १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून हे कार्ड आणलं. साधं एसडी २ जीबीपर्यंतच असतं. त्यापुढची ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी जात २००६ मध्ये आली आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी २००९ मध्ये. दिसायला तिन्ही सारखी, खाचही तीच, पण जुना कॅमेरा नवी जात वाचत नाही. नवं कार्ड खटकन बसतं आणि पडद्यावर 'कार्ड एरर' येतं. हल्ली कॉलेजची मुलं घरातले जुने छोटे कॅमेरे कपाटातून काढू लागली आहेत, त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितो. आधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक पाहा, मग बाजारात जा.

माझ्या मावसभावाच्या घरी लग्न होतं. कुणीतरी रस्त्यावरच्या टपरीतून ६४ जीबीचं कार्ड निम्म्याहून कमी किमतीत आणलं होतं. हळदीचे फोटो छान आले. मंगलाष्टकांपासून पुढे मात्र फोटो उघडला की वर नवरीच्या मुंडावळ्या आणि त्याखाली नुसता राखाडी पट्टा. काही फायली तर उघडल्याच नाहीत. अशा नकली कार्डात खरी चिप लहान असते आणि आतल्या कंट्रोलरला खोटा आकडा शिकवलेला असतो. सातबाऱ्यावर पाच एकर आणि वहितीला दोनच, अशातली गत. कॅमेरा सातबारा पाहून लिहीत जातो. दोन एकर संपले की पुढचं पीक एकतर मागच्या पिकावरच पेरलं जातं, नाहीतर हवेत जातं. फोटो काढताना यातलं काहीच कळत नाही. वहिनींनी संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला. मावशीचा सुनेच्या डोक्यावर हात ठेवतानाचा फोटो त्यांना हवा होता. तो मिळाला नाही.

तेव्हापासून नवं कार्ड आणलं की मी ते काठोकाठ भरून पाहतो. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ-थ्री, ही फुकट मिळणारी साधनं कार्डावर शेवटपर्यंत माहिती लिहितात आणि तीच परत वाचून ताडून बघतात. संथ कार्ड असेल तर यात संध्याकाळ जाते, जाऊ द्यावी. बिल जपून ठेवायचं आणि कार्ड परत करायची मुदत असेल तोवरच ही तपासणी उरकायची.

वेगाबद्दल थोडक्यात. पाकिटावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नव्हे. गोलात १० लिहिलं असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, आणि व्ही३० असेल तर ३०ची. घरगुती फोटोंना पहिलं पुरतं. बोरला जाणाऱ्यांनी दुसरं घ्यावं. आपल्या वर्धा जिल्ह्यातला हा व्याघ्र प्रकल्प २०१४ मध्ये जाहीर झाला. देशातल्या अगदी लहान प्रकल्पांपैकी तो आहे, पण तिथला नीलपंख फांदीवरून झेपावतो तेव्हा एका दमात वीस फोटो निघतात. कार्ड संथ असेल तर कॅमेरा ते लिहीत बसतो आणि पक्षी उतरतानाचं दृश्य निघून जातं. मात्र कॅमेरा जुना असेल तर महागड्या यूएचएस-टू कार्डावर पैसे घालू नयेत. त्याच्या मागची जादा पिनांची ओळ तो कॅमेरा वापरतच नाही.

माझ्या भाचीनं यंदा आमचाच एक जुना कॅमेरा मागितला. तिला सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा टिपायचा आहे. तिथले लाकडी नंदी माणसाहून उंच, चाकांवर ओढत आणलेले, आणि समोर आपापले हातभर बैल सजवून उभी असलेली पोरं. तिला ६४चं एक कार्ड हवं होतं. मी म्हटलं, "बेटा, चांगल्या कंपनीची सोळाची दोन घेऊ." एक फोटो पाच-सहा एमबीचा धरला तरी १६ जीबीत अडीच हजारांहून जास्त मावतात. शिवाय एक कार्ड बिघडलं, तर दुसऱ्यावरचा अर्धा पोळा हाती राहतो. तिला पटलं. दोन्ही कार्डं आम्ही भरून तपासली, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली. एकाची डावीकडची लॉकची पट्टी सैल होती, आत सरकवताना खाली घसरायची आणि कॅमेरा कार्ड बंद म्हणून सांगायचा. तिथे सेलोटेपचा नखाएवढा तुकडा लावला.

कार्डात फोटो कायमचे ठेवायचे नसतात, हेही तिला सांगितलं आहे. त्यातला विद्युतभार वर्षानुवर्षांत झिरपत जातो. त्यामुळे सिंदीहून आली की त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, आणि निवडक दहा-बारा फोटोंचे कागदावर प्रिंट. कोणते निवडायचे ते तिचं तिनं ठरवायचं. प्रिंटचे पैसे मी देणार आहे.