आले होते लग्नाला

प्रिय ‘मुंबई-पुणे-मुंबई २’,



‘लग्नाला यायचंच!’ असं तू नावातच दटावलं होतंस, म्हणून आले. नोव्हेंबर २०१५, दिवाळीचे दिवस, थिएटरात पैठण्या आणि नवे कुडते. हसले, गाण्यांवर मानही डोलावली. पण बाहेर पडताना झालेला हिरमोड अजून गेलेला नाही.

तुझ्या थाटामाटावर माझा राग नाही. तुझा थोरला भाऊ, पहिला ‘मुंबई-पुणे-मुंबई’, २०१० साली आला तेव्हा त्याच्याजवळ होतं तरी काय? स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे, पुण्याचे रस्ते आणि एक दिवस. त्या दोघांना नावंसुद्धा नव्हती. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि एका अनोळखी मुलाशी दिवसभर भांडते, बोलते. कांदेपोह्यांच्या बशीआडून जे कधीच बोलता आलं नसतं, ते ती त्याच्याशी बोलते. तोच मुलगा ते ‘स्थळ’ निघतो ही थोडी लबाडी, पण मी ती खपवून घेतली. पुढे तुमचेच दिग्दर्शक सतीश राजवाडे यांनी याच जोडीला घेऊन ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ मालिका केली, तेव्हा घना-राधाचं कराराचं लग्न आम्ही जेवणाच्या ताटावर बसून पाहिलं. म्हणजे या दोघांचं लग्न बघायला आम्ही काही उपाशी नव्हतो. तुझ्याकडून हवं होतं ते वेगळंच.

आणि तू ते देऊ केलंस, म्हणून तर चुटपूट जास्त. गौरी आणि गौतम, आता नावं मिळालेले, लग्न ठरवून बसलेले. खोट काढायला जागा नाही. मुलगा स्वतः निवडलेला, दोन्ही घरं प्रेमळ, तारीख पक्की. आणि गौरीच्या पोटात गोळा येतो. आपण घाई तर करत नाही ना? आपल्या सिनेमात लग्न अडायला काहीतरी सबळ कारण लागतं : हुंडा, पत्रिका, लपवलेलं गुपित, नाहीतर खाष्ट आत्या. तू यातलं काहीच न ठेवता नुसती भीती ठेवलीस. तेवढ्या वेळापुरती मी खुर्चीत सरसावून बसले होते.

कारण ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंतचा काळ आपल्याकडे फार चमत्कारिक असतो. याद्या होतात, बस्ता होतो, केळवणांची जेवणं अंगावर येतात, कार्यालयाचे पैसे भरले जातात. एकेका गोष्टीबरोबर मागे फिरणं महाग होत जातं. अशा वेळी मुलगी गप्प झाली तर ‘बावरलीय गं’ म्हणून तिच्यापुढे आणखी एक साडी पसरतात. विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर ३० दिवसांची नोटीस लागते, पण तीही इतरांनी हरकत घ्यावी म्हणून. वधूची स्वतःची काही हरकत असेल, हे ना त्या नोटिशीच्या ध्यानात, ना भटजींच्या.

हे सगळं तुझ्या हातात होतं. आणि तू अर्णवला आणलंस! जुना प्रियकर, परत आलेला. तो पडद्यावर आला आणि गौरीचा प्रश्नच बदलला. ‘मला हे झेपेल का, मी आयुष्यभर कुणाची तरी होऊन राहू शकेन का’ याचं ‘दोघांपैकी कोण?’ झालं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून तो मोलाचा होता. दुसऱ्याचं उत्तर पोस्टरवरच छापलेलं होतं. तिच्या भीतीला तू एक माणूस चिकटवून दिलास, म्हणजे तो माणूस गेला की भीतीही गेली असं दाखवायला मोकळा.

भरीला गौतमचा समजूतदारपणा. तो इतका सोशिक आहे की त्याला शंका यायची मुभाच नाही. का नाही? मुलगे काय हसतखेळत बोहल्यावर चढतात? त्यालाही धास्ती वाटली असती, दोघं एकमेकांना घाबरत का होईना पण बोलले असते, तर तू थोरल्या भावाच्या पुढे गेला असतास. पण घरात माणसंच इतकी! प्रशांत दामले, सुहास जोशी, मंगल केंकरे, सविता प्रभुणे. प्रत्येक जण आवडता, प्रत्येकाला एखादा हशा द्यायचा. ज्या दोघांनी भावाच्या वेळी अख्खा दिवस बोलून काढला, त्यांना तुझ्या मांडवात निवांत बोलायला कोपराही मिळत नाही.

२०१८ साली तुझा धाकटा आला. त्यात मूल हवं की नको यावर गौरी पुन्हा अडली, तेव्हा मला तिचंच बरोबर वाटलं. लग्नाआधी अर्धवट तोडलेलं बोलणं केव्हातरी वर येणारच होतं.

घरात चौथ्याचा विचार चालला असेल तर एक विनंती पोचव. दोन्ही घरची मंडळी चारधामला धाडून द्या. गौरी-गौतमला आता लग्नात मुरलेले, थोडे कंटाळलेले, केस पिकायला लागलेले दाखवा, आणि पुण्यात एक दिवस नुसतं चालू द्या. दुचाकीवर नको, हेल्मेटमध्ये बोलणं ऐकू येत नाही.

तुझी,
वधूपक्षाकडची एक प्रेक्षक