आजीने काढलेलं गाव

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे क्युपर्टिनोला आली होती. नात पाचवीत. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तिच्या वाट्याला मंडान जमात आली होती. मिसुरी नदीकाठी, आजच्या नॉर्थ डाकोटात, मातीच्या घुमटाकार घरांत राहून मका पिकवणारे हे लोक. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३२ साली त्यांचं गाव रंगवलं. पुढच्याच वर्षी स्विस चित्रकार कार्ल बोडमर तिथे पोचला.

जेवणाच्या टेबलावर चित्रं पसरली होती, आई शेजारी भाजी निवडत होती. बोडमरच्या चित्रात उंच काठावर गाव आणि खाली नदीत कातड्याच्या गोल होड्या. "अगंबाई, टोपलीतून नदी!" आई हसली. दुसऱ्या चित्रात घराचा आतला भाग, छताच्या झरोक्यातून उतरणारा उजेड आणि आतच घोडे. "आमच्याकडेही गुरं घरातच असायची."

मी माहितगाराच्या थाटात पुढचं सांगितलं. १८३७ साली देवीची साथ आली, जेमतेम शे-सव्वाशे मंडान उरले. त्यांच्या वंशजांच्या नदीकाठच्या जमिनी १९५३ साली गॅरिसन धरणात गेल्या.

"धरणात?" एवढंच विचारून आई गप्प झाली.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं पळसदेव. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. पाणी फारच ओसरलं, की पळसनाथाचं देऊळ वर येतं. मी आजोळी गेलो तो कायम नव्या गावठाणात. इथे येऊन एमएस केलं, वीस वर्षं लोकांच्या डेटाचे बॅकअप घेतले, पण जुन्या गावाबद्दल आईला कधी एक प्रश्न विचारला नाही.

तो नातीने विचारला. "आजी, तुझ्या गावाचं चित्र कुठंय?"

"आमच्याकडे कोण गं येणार चित्रं काढायला?"

"मग तू काढ ना!"

आईने खडू घेतले. आधी नदी, मग देऊळ, मग घरापर्यंतची वाट. विहिरीपाशी अडली. मामाला फोन लावला, तिकडे सकाळ होती. विहीर वाटेच्या डाव्या अंगाला की उजव्या, यावर भावंडं अर्धा तास भांडली. शेवटी आईने डोळे पुसले.

कॅटलिनची चित्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहेत, बोडमरची ओमाहाच्या जोसलिन म्युझियममध्ये. आईचं आमच्या फ्रिजवर आहे. त्यात विहिरी दोन आहेत.