विकरांची शिदोरी

कच्चे ते सजीव आणि शिजलेले ते निर्जीव, ही कल्पना मनास मोठी मोहक वाटते. झाडावरचा पेरू तोडून तिथेच खाल्ल्याचा आनंद ज्याने घेतला आहे, त्याला ती पटवून द्यावीही लागत नाही. एडवर्ड हॉवेल या अमेरिकन डॉक्टराने १९४६ साली ग्रंथ लिहून तिच्यावर शास्त्राचा अंगरखा चढविला. प्रत्येक प्राणी विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, ठरावीक शिदोरी घेऊन जन्मास येतो. कच्च्या अन्नातील विकर ती राखतात, शिजलेले अन्न ती खर्चावयास लावते, असे त्याचे म्हणणे. हा हिशेब वडिलार्जित ठेवीवर जगणाऱ्या माणसाचा झाला. शरीर बिचारे रोज कमावून खाणारे. आपले विकर ते नित्य नव्याने घडवीत असते.

हा वाद माझ्यापुरता पुस्तकीच राहिला असता. परंतु गेल्या वर्षी माझ्या मामांवर शस्त्रक्रिया झाली. वय ऐंशीच्या घरात, अन्नावरची वासना उडालेली. आणि नेमके त्याच वेळी हे शास्त्र माझ्या मामेभावाच्या वाचनात आले. गोठवलेले मांस आणावे, ते न शिजवता बारीक कुटून लिंबाच्या रसात कालवावे आणि वडिलांस द्यावे, म्हणजे त्यातील विकर थकलेल्या जठराचा भार हलका करतील, असा त्याचा बेत होता. त्याच्या पितृभक्तीविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे अवघड होते.

मांसात विकर असतात, हे खरेच आहे. कापलेल्या बोकडाचे मांस प्रथम ताठरते आणि मग हळूहळू सैल पडते, ते कॅल्पेन, कॅथेप्सिन इत्यादी विकर स्नायूंचे धागे आतून तोडू लागतात म्हणून. मग हेच काम त्यांनी पोटात का करू नये? कारण विकर हे स्वतः प्रथिनच. जठरातील तीव्र आम्लात त्याची घडी विस्कटते, आणि थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाने (नावावर जाऊ नये!) १८३६ साली शोधलेले पेप्सिन इतर मांसासारखेच त्याचेही तुकडे करते. वाढपी म्हणून पंक्तीत शिरलेला हा गृहस्थ स्वतःच पानात वाढला जातो. ज्यांचे स्वादुपिंड निकामी झाले आहे त्या रोग्यांस डॉक्टर खरोखरीच विकर देतात. परंतु त्या औषधास बहुधा आम्लात न विरघळणारे कवच चढविलेले असते. मांसास असे कवच कोण चढविणार?

गोठवण्याविषयीही असाच भ्रम. उणे १८ अंशांवर विकर मरत नाहीत, पेंगतात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटल्या की मांस वितळताना ते अधिकच मोकळे सुटतात. रोगजंतूंपैकीही पुष्कळसे नुसते झोपी गेलेले असतात, आणि लिंबाच्या रसाने ते मरतील असा भरवसा नाही. दुबळ्या शरीराशी हा जुगार खेळण्यास माझे मन धजेना.

“दादा, मग एस्किमो गोठलेले कच्चे मांस खाऊन ठणठणीत कसे राहत?” मामेभावाने विचारले. प्रश्न चांगला होता. ते लोक, ज्यांना आता इन्युइट म्हणतात, सीलच्या तेलाच्या दिव्यावर मांस उकळीतही असत. पण पुष्कळसे कच्चे खात आणि स्कर्व्हीपासून बचावत, हे खरे. मात्र त्याचे श्रेय ताज्या मांसातील व देवमाशाच्या कातडीतील क जीवनसत्त्वाचे, विकरांचे नव्हे. शिवाय त्याच प्रदेशातील अस्वल व वॉलरस यांच्या मांसात गोठूनही न मरणारा ट्रायकिनेला हा कृमी असतो, आणि त्याने तिथली माणसे आजारी पडलेली आहेत.

कच्च्या आहारातील विकराने प्रकृतीवर थेट परिणाम केल्याचे एक उदाहरण मला ठाऊक होते, तेही मी त्याला सांगितले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थाने पाळलेले रुपेरी कोल्हे अन्न सोडू लागले, लुळे पडून मरू लागले. त्यांच्या खाण्यात कच्चे मासे होते. कार्पसारख्या माशांत थायामिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. गोठवल्याने ते जात नाही. मासे शिजवून घातले की जाते आणि रोगही टळतो. मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

मामींनी मात्र तोवर कच्ची पपई किसायला घेतली होती. पपईतील पपेन हेही विकरच. पण ते आपले काम पातेल्यातच उरकते, जठराच्या आश्रयास जात नाही. ६० ते ७० अंशांच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत अधिक, म्हणजे पातेले चुलीवर तापत असतानाच ते खरे राबते. पुढे शिजण्याच्या उष्णतेने त्याचे बळ सरते. मामींना हे अंश ठाऊक नाहीत. पपई फार वेळ लावून ठेवली की खिम्याचे पिठले होते, एवढे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्या दुपारी मामांनी मऊ भाताबरोबर वाटीभर खिमा खाल्ला, आणि मीठ कमी पडल्याची तक्रार केली.