‘स्पीड’चे पूर्वायुष्य

शब्दांनाही माणसांप्रमाणे बालपण असते. नावारूपाला आलेल्या गृहस्थाकडे पाहून त्याच्या लहानपणाची कल्पना येत नाही. त्याचप्रमाणे रोजच्या वापरातील शब्दाकडे पाहून त्याच्या पूर्वायुष्याचा मागमूस लागत नाही. ‘स्पीड’ हा असाच एक शब्द. तो मूळचा इंग्रजी. पण आता मराठी मुलांच्याही तोंडी सहज बसला आहे. सायकल असो, आगगाडी असो की क्रिकेटचा चेंडू असो, तो किती वेगाने गेला हे सांगायचे झाले, की ‘स्पीड’ हजर!

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भाषेत मात्र या शब्दाचा मुख्य अर्थ वेग हा नव्हता. त्या काळी त्याचा उच्चार ‘स्पेड’च्या जवळचा होता आणि अर्थ होता यश, भरभराट, संपन्नता. हाती घेतलेले काम ज्याने तडीस नेले, त्याला ‘स्पीड’ लाभला. मग तो पळत गेलेला असो की सावकाश.

या शब्दाची भावंडे दूरदूरच्या देशांत विखुरलेली आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला. पुढे विद्वानांनी शब्दांची नातीगोती जुळवून पाहिली. तेव्हा आढळले, की लॅटिनमधील आशेचा वाचक शब्द ‘स्पेस’ आणि संस्कृतातील ‘स्फाय्’, म्हणजे वाढणे, हा धातू हे ‘स्पीड’चे आप्तच आहेत. समृद्ध देशाला संस्कृतात ‘स्फीत’ म्हणतात, तो शब्द याच धातूपासून झाला आहे. वाढ, आशा आणि यश! किती सुंदर हे कुटुंब!

मग यशाचा वेग कसा झाला? ज्याचे काम चांगले चालते, त्याचे काम भराभर पुढे सरकते. म्हणून यशाबरोबर त्वरेचाही अर्थ या शब्दाला चिकटला आणि हळूहळू त्वराच तेवढी उरली. पुढे यंत्रे आली. आगगाडी व मोटार यांची धाव ताशी किती, हे मोजता येऊ लागले आणि ‘स्पीड’ हा तबकडीवरचा एक आकडा होऊन बसला.

तरीही जुना अर्थ अगदी नाहीसा झालेला नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला इंग्रजीत ‘गॉडस्पीड’ असे म्हणून निरोप देतात. ‘देव तुला लवकर पोहोचवो’ असा त्याचा अर्थ नव्हे, तर ‘देव तुला यश देवो’ असा आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हे अमेरिकन अंतराळवीर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांचे सहकारी स्कॉट कार्पेंटर यांनी याच शब्दाने त्यांना निरोप दिला. ग्लेन यांचे यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरत होते. वेगाला तेथे काय तोटा! परंतु प्रदक्षिणा चालू असतानाच यानाचे उष्णतारोधक कवच सैल झाल्याची सूचना जमिनीवरील केंद्रात मिळाली. कवच निखळते, तर परतीच्या वाटेवर यान जळून गेले असते. सुदैवाने ती सूचना चुकीची ठरली. तीन प्रदक्षिणा पूर्ण करून ग्लेन सुखरूप समुद्रात उतरले. त्या दिवशी वेग यंत्राने दिला होता. सहकाऱ्याने मागितला होता तो जुना ‘स्पीड’.

घाई जितकी अधिक, तितका ‘स्पीड’ कमी, अशी एक इंग्रजी म्हण आहे. आजच्या अर्थाने ती कोड्यासारखी वाटते. जुना अर्थ ठाऊक असला, की कोडे सुटते. उत्तरपत्रिका सर्वांआधी देऊन ऐटीत वर्गाबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पाहावयाचाच राहिल्याचे दाराबाहेर कळते. शेवटच्या घंटेपर्यंत शांतपणे लिहिणाऱ्याचे सर्व प्रश्न पुरे झालेले असतात. या दोघांपैकी ‘स्पीड’ कोणाला लाभला? तबकडी एक उत्तर देईल. शब्दाचे पूर्वायुष्य दुसरे देईल.