गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू



आपल्याकडे पाहुण्यांची जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. मग ओटी भरायची, डबा बांधून द्यायचा, उंबऱ्यातल्या गप्पा व्हायच्या, आणि बाहेर चांगला काळोख पडला की परगावच्या मंडळींची गाडी निघायची. लग्न असो, पंचकल्याणक असो की बाहुबलीचं दर्शन, परतीचा रस्ता बहुतेक वेळा अंधारातलाच. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून गाडीच्या पुढच्या दिव्यांबद्दल लिहितेय.

आमची गाडी अकरा वर्षांची. इंजिन ठणठणीत आहे, पण पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा लोणच्याच्या जुन्या बरणीसारख्या पिवळट, धुरकट झाल्या होत्या. गेल्या पौषात सासूबाईंना घेऊन कुंभोजहून सांगलीला परत येत होते. संध्याकाळचे सात वाजले असतील. गाळपाचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या. त्यांना मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. मी सावकाशच चालवत होते आणि खिडकी उघडी होती, म्हणून बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी आला. गाडी दिसली ती नंतर, अगदी जवळ आल्यावर. सासूबाई घरी पोहोचेपर्यंत णमोकार म्हणत होत्या. सकाळी अंगणात गाडीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हिलाही माझ्यासारखा मोतीबिंदू झालाय गं."

गॅरेजवाल्याने दोन उपाय सांगितले. दोन्ही दिवे नवे बसवा, म्हणजे पाच आकडी खर्च. नाहीतर जास्त वॅटचे बल्ब टाका. दुसरा उपाय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. काच धुरकट असली की उजेड पुढे जाण्याऐवजी चहूकडे फाकतो. बल्ब मोठा केला तर समोरच्याचे डोळे दिपतात, वायरिंग तापतं आणि आपल्याला रस्ता काही फारसा जास्त दिसत नाही.

आपण काच म्हणतो, पण ती काच नसतेच. अॅम्बॅसेडर, पद्मिनीच्या काळात खरी काच असायची. आता असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. हलकं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. पण त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ संरक्षक थर चढवतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो थर विरतो, सोलवटतो, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८मध्ये मोजून पाहिलं, तर अशा खराब झालेल्या काचांतून नव्याच्या मानाने जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. आपले मुनी, माताजी ईर्यासमिती पाळत चार हात जमीन निरखून, तेही सूर्यप्रकाशात, पाऊल टाकतात. आपण ताशी ६० किलोमीटरने जातो तेव्हा एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे गेलेलो असतो. त्यात उजेड पाचातला एक भाग.

काम हाती घेण्याआधी एक परीक्षा करा. दिव्यावर पाणी टाका. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे आणि घरी निघेल. आतून दव धरत असेल किंवा प्लास्टिकमध्ये खोलवर बारीक तडे गेले असतील, तर बाहेरून घासून उपयोग नाही.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. तिने थोडं घासलं जातं, काच उजळते, पण काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखी. डास पळवायच्या स्प्रेचा व्हिडिओही तुमच्या ग्रुपवर आला असेल. त्यातल्या डीईईटी या रसायनाने प्लास्टिकचा वरचा पापुद्रा चक्क विरघळतो. म्हणून क्षणभर चकचकीत दिसतं, पण पृष्ठभाग मऊ, चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. ते करू नका.

रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, ओला करून घासायचा काळा पॉलिश पेपर. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक, रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी असते तसं. मी १०००, १५००, २००० आणि ३००० असे चार घेतले. काच फारच पिवळी असेल तर सुरुवात ८०० पासून. सोबत रबिंग कंपाउंड, कागदी चिकटपट्टी आणि अतिनील किरण अडवणारं, काचेवर पुसून लावायचं कोटिंग.

दुकानात दोन गोष्टी विचारून घ्या. गाडी पुसायचं शॅमॉय म्हणून जे विकतात, ते अस्सल असेल तर मेंढीचं चामडं असतं. तसंच दिसणारं कृत्रिम मिळतं, नाहीतर जुनी सुती साडी उत्तम. काही वॅक्स-पॉलिशमध्ये मधमाश्यांचं मेण असतं. कार्नोबा वॅक्स मात्र ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरचं, म्हणजे वनस्पतीचं.

आधी दिवे साबणाच्या पाण्याने धुवून घेतले. वाळलेले किडे चिकटलेले असतात, ते खरवडू नका, ओलं फडकं थोडा वेळ ठेवलं की सुटतात. मग दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टीचे दोन पदर लावले. हे टाळू नका, कागद एकदा जरी निसटला तरी बॉनेटवर ओरखडा पडतो. बादलीत गाळलेलं पाणी घेऊन १०००चा कागद आडवा फिरवला. पहिलं पाणी पिवळं आलं, अगदी हळदीचं. ते पांढरं येईपर्यंत घासायचं. मग १५००चा उभा, २०००चा पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे कुठे राहिलेत ते लगेच दिसतं. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. मधे एक वेळ अशी येते की काच आधीपेक्षाही पांढरीफटक दिसते. आमचे हे तेव्हाच चहा घ्यायला बाहेर आले आणि काही न बोलता परत आत गेले. त्या क्षणी धीर सोडू नका. ३०००च्या कागदानंतर ती दुधाळ होते आणि कंपाउंडने गोल गोल घासलं की आतला बल्ब लख्ख दिसायला लागतो.

बहुतेकजणी इथे थांबतात आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. साहजिक आहे, उरलासुरला संरक्षक थर आपणच घासून काढलेला असतो. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून, काच पूर्ण कोरडी करून, सावलीत कोटिंग लावायचं. एका दिशेने, पातळ हाताने, गेलेल्या जागेवर पुन्हा न फिरवता. बाटलीवर लिहिला असेल तितका वेळ पाणी लागू द्यायचं नाही. नुसतं वॅक्स त्याची जागा घेत नाही.

दोन्ही दिव्यांना मिळून मला तीन तास लागले. नव्यासारखे झाले असं म्हणणार नाही. उजव्या दिव्याच्या कोपऱ्यात एक खोल चरा आहे तो राहिलाच. पण रात्री समोरच्या भिंतीवर उजेडाची कड आता सरळ रेघेसारखी पडते, पूर्वी नुसता पिवळा डाग पडायचा.

हे कोटिंगही कायमचं नाही. काच पुन्हा मंद वाटायला लागली की ३०००चा हलका हात आणि नवा थर, एवढंच करावं लागेल. आमच्या अंगणात दुपारनंतर पश्चिमेचं कडक ऊन येतं, त्यामुळे आता गाडी भिंतीकडे तोंड करून लावतो.