मोहरी, खसखस आणि वचन

नगरच्या एका मिशन शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. ख्रिस्ती शाळेतला तास ख्रिस्ती वाटला पाहिजे, या हौसेपायी सुरुवातीला मी प्रत्येक पाठाच्या शेपटीला बायबलमधलं एक वचन बांधायची. बियांचं अंकुरण शिकवताना मोहरीचा दाखला काढला आणि हे सगळ्यांत लहान बी, असं ठोकून दिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, खसखस त्याहून बारीक असते." बरोबरच होतं, दोन्हींचे डबे माझ्याच फडताळात शेजारी शेजारी आहेत. तरी मी म्हणाले, "पवित्र शास्त्रात लिहिलंय," आणि फळ्याकडे वळले. येशू समोरच्या लोकांच्या शेतातलं बी घेऊन बोलत होता, वनस्पतिशास्त्र शिकवत नव्हता, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

वचनपाठांतराला गुणही द्यायचे. वर्गात ख्रिस्ती मुलं थोडी. अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती चालत नाही, पालकांची संमती लागते. राज्यघटनेच्या 28व्या कलमातच ते आहे. मुख्याध्यापकांनी दाखवल्यावर गुण बंद केले, तेही कुरकुरत.

पुढे एकदा गुणोत्तरासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला, पण गणित म्हणून. मजूर पाच वेळा बोलावलेले; कामाचे तास 12, 9, 6, 3 आणि 1. मजुरी मात्र सगळ्यांना एकेक दिनार. पहिल्याच्या दराने शेवटच्याला दिनाराचा बारावा हिस्सा मिळायला हवा. मुलं मालकावर तुटून पडली. "उशिरा आला तर कमीच पैसे!" मी तात्पर्याला हात घालणार, तेवढ्यात एक जण म्हणाला, "उशिरा नसेल आला. अड्ड्यावर सकाळपासून उभा असणार, कुणी नेला नसेल." त्याचे वडील मजूर अड्ड्यावर उभे राहतात. दाखल्यातले मजूरही मालकाला हेच सांगतात. इतक्या वेळा वाचूनही मी त्या वाक्यावरून उडी मारून थेट देवाच्या कृपेवर जात होते. लगेच दुसरी मुलगी म्हणाली, "मग उद्या पहाटे कोण येईल, बाई?" त्यावर तास संपेपर्यंत वाद चालला. मी गप्प होते, हीच त्या दिवसाची कमाई.

तात्पर्य आवरलं, तरी जीभ आवरत नव्हती. चाचणीत कॉपी करताना तिघी सापडल्या. दोघींना नुसतं रागावले, तिसरी ख्रिस्ती, तिला वर्गासमोर विचारलं, "तू तर संडे स्कूलला जातेस ना?" आठवड्याने तिची माफी मागितली खरी, पण तिला एकटीला स्टाफरूममध्ये बोलावून. वर्गासमोर मागायचं धाडस झालं नाही.